हात जोडून कबूल

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी, हजेरीनंतर.
आजपासून राग बंद. कायमचा. रागानं माणसाचं काय होतं ते अडीच वर्षं या तुरुंगात रोज बघतो आहे. (बाकीच्यांचं.) मी मुळात शांत माणूस.
त्यासाठीच ही वही. बांधणी विभागात उरलेल्या कागदांतून मीच शिवली. राग आला की इथे उतरवायचा, वही मिटायची, विषय संपला.
सुरुवात कालच्यापासून करतो. काल माझे तीस दिवस गेले.
शांतपणे लिहितो. कैदी नीट वागला की शिक्षेतले काही दिवस सुटतात, त्याला इथे माफी म्हणतात. माझी माफी धरून मी २६ फेब्रुवारीला बाहेर पडणार होतो. काल साहेबांनी, म्हणजे तुरुंगाच्या अधीक्षकांनी, तीस दिवसांची माफी कापली. आता २८ मार्च. आमची लेक १० मार्चला विमानात बसते. परदेशी दवाखान्यात नर्स, तीन वर्षांचा करार. म्हणजे मी घरात पाऊल टाकीन तेव्हा तिची खाट रिकामी. आणि हे सगळं कशामुळे, तर एका वेलांटीमुळे.
पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. पुढचं उद्या.

१८ ऑक्टोबर.
पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर पाटी लागली होती. 'सुचना. टाकित हात घालू नये. पाणि जपुन वापरा.' आठ शब्द, चार चुका. सु, कि आणि पु मी एक वेळ सोसले असते. पण पाणि! पहिली वेलांटी! पाणि म्हणजे हात. पाणिग्रहण करतात ते काय पाण्याचं करतात? म्हणजे सरकार म्हणतंय, टाकीत हात घालू नका, हात जपून वापरा.
साळसूद म्हणाला, प्रूफकाका, हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी लिहून दिलं असतं तर मी इथे नसतो. (साळसूद माझ्या शेजारच्या वळकटीचा. बसमध्ये खिसे कापायचा. नाव बाकीच्यांनी ठेवलं.)
दोन अर्ज दिले. उत्तर नाही. बारा दिवस सोसलं. रोज त्या टाकीचं पाणी प्यायचं आणि रोज ते वाचायचं. तेराव्या दिवशी बांधणीतली लाल पेन्सिल घेतली, बादली उपडी केली आणि चढलो. तीन दुरुस्त्या झटपट झाल्या. पाणि मुद्दाम शेवटी ठेवला होता. तेवढ्यात हवालदार आला. खाली उतरा म्हणाला. मी म्हटलं, एक वेलांटी राहिली आहे. त्यानं माझा पाय धरला. मी पाय हलवला. त्याची टोपी टाकीत पडली.
आरोप तीन. सरकारी पाटी विद्रूप केली, हुकूम मानला नाही, हवालदाराच्या डोक्यावरची टोपी लाथेनं पाडली. विद्रूप! मी!

१९ ऑक्टोबर.
चौकशी. लिहायचं टाळत होतो, पण लिहितो.
इथे आल्यापासून माझं दर गुरुवारी मौन असतं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. नामस्मरण मनात चालू, तोंड बंद. एकही गुरुवार चुकवलेला नाही. चौकशी नेमकी गुरुवारी. नऊ वाजता आरोपाचा कागद हातात, नऊ चाळीसला साहेबांच्या खोलीत उभा. साहेब दमलेले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कारकून शेजारी लिहायला बसलेला. साहेबांनी विचारलं, आरोप मान्य आहेत का?
आता गुरुवार हातानं कसा दाखवणार? मी ओठांवर बोट ठेवलं, मग देवाकडे म्हणून वर बोट केलं, आणि उद्यावर ढकला अशा अर्थानं हात जोडले.
कारकुनानं लिहिलं, 'कैद्याने देवाला स्मरून हात जोडून गुन्हा कबुल केला.'
आणि कागद सहीला पुढे केला. मी वाचला. कबुल. बु पहिला! सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. हात आपोआप गेला. पहिला उकार खोडला, दुसरा दिला, समासात सही केली. प्रुफावर करतो तशीच.
 साळसूद ऐकून म्हणाला, काका, माझी कबुली पोलिसांनी मारून मारून घेतली. तुमची तुम्ही सुधारून दिलीत.
त्याला काय कळतंय. मुद्रितशोधक शब्द दुरुस्त करतो. मजकुराशी तो सहमत असतो असं नाही. पंचांग तपासणाऱ्याला काय ग्रह चालवायचे असतात?
मी हायकोर्टात जाणार.

२२ ऑक्टोबर.
याचिका सुरू. शीर्षक : 'मौनाचा अर्थ'. मुद्दा एकच. न बोलणं म्हणजे कबुली नव्हे. झाड बोलत नाही, म्हणून त्यानं काय गुन्हा केला? हे वाक्य न्यायमूर्तींना नक्की भिडेल. रोज दहा पानं लिहायचा संकल्प.

२३ ऑक्टोबर, गुरुवार.
मौन. बांधणीच्या मुकादमानं माझ्या वाट्याचा डिंक दुसऱ्याला दिला. त्याला मनातल्या मनात पाऊण तास बोललो. मौन मोडलं असं मी धरत नाही.

२५ ऑक्टोबर.
चार पानं झाली. कार्यालयातला तोच कारकून. आठवड्याला चारच कागद मिळतील म्हणाला. मी शांतपणे म्हटलं की तुमच्या चुकांना कागद पुरतो आणि माझ्या न्यायाला पुरत नाही का? हे मी इतक्या शांतपणे म्हटलं की बाहेरून दोन शिपाई धावत आले.

१ नोव्हेंबर, शनिवार.
मुलाखत. आमची मंडळी आली होती. मधे काच, बोलायला फोन, वीस मिनिटं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, घरात चोवीस तास तोंड चालायचं तुमचं. माझं लग्न झाल्या दिवसापासून मी एका गुरुवारची वाट बघतेय. आणि जिथे दोन शब्द बोलायचे तिथे मेलं मौन!
बायकांना अध्यात्म समजत नाही.
लेक मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरी येते म्हणाली. नऊ दिवस राहील, मग जाईल. ती इथे एकदाही आलेली नाही. नर्सिंगचा अभ्यास अवघड असतो. हिनं विषय काढला की ती म्हणते, आप्पांशी घरी बोलेन, काचेतून नाही. म्हणजे बघा, बापाशी बोलायची ओढ आहे.
लेक छापखान्यातल्या त्या मशीनमनच्या घरी दोनदा जाऊन आली, हेही हिनं सांगितलं. कशाला?

२ नोव्हेंबर.
कशाला गेली असेल?
मशीनमनचं सांगण्यासारखं काही नाही. छापखान्यात एका पुस्तकाचा फॉर्म, म्हणजे एकदम छापायची सोळा पानं, मी तपासून दिला होता. माझ्या खुणा न बघता त्यानं पाच हजार कागद छापून मोकळे केले. मी विचारलं, या चुकांचं काय? तो हसत म्हणाला, कोण वाचतंय? माझ्या हातात लोखंडी वजन होतं. मी ते त्याच्या दिशेनं फेकलं असं कोर्टानं धरलं. मी ते ठेवलं, जरा लांबून. त्याचा डावा डोळा गेला. वाईट झालंच. पण 'कोण वाचतंय' हेही वाईटच होतं, त्याची नोंद निकालात कुठेही नाही.
आज जप दोन माळा जास्त केला. मन शांत.

१४ नोव्हेंबर.
कोर्टानं मला फुकटचा वकील दिला. वकीलबाई. चाळिशीची, चष्मा डोक्यावर, हातात दोन मोबाइल. मी चौसष्ट पानी 'मौनाचा अर्थ' (कमी पडलेले कागद बांधणीतले) पुढे ठेवला. तिनं घडी घालून पिशवीत टाकला. वाचते म्हणाली. घडी घालणारी माणसं वाचत नसतात.
मग म्हणाली, काका, एक समजून घ्या. तुम्ही टोपी पाडली की नाही, हे हायकोर्ट बघत नाही. साहेबांचा निर्णय बरोबर की चूक, हेही बहुतेक बघत नाही. त्या निर्णयापर्यंत साहेब कुठल्या वाटेनं गेले, नियमाच्या वाटेनं की आडवाटेनं, तेवढंच बघतं. कोर्ट वाट बघतं.
मी म्हटलं, वाट तर मीही बघतोय.
ती हसली नाही. आरोपाचा कागद किती वाजता दिला, विचारलं. नऊला. आणि चौकशी? नऊ चाळीसला. तेवढं तिनं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि निघाली. मौनाबद्दल एक प्रश्न नाही! चौसष्ट पानं लिहिणाऱ्या माणसाला ही बाई किती वाजले ते विचारून गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
मौन. पाटी अजून तशीच. तीन शब्द शुद्ध, चौथा तसाच. माझ्या मते हे पूर्वीपेक्षा वाईट दिसतं. पूर्वी निदान अज्ञान होतं.

९ डिसेंबर.
तारीख नाही.

१६ डिसेंबर.
तारीख नाही. वकीलबाईला पत्र पाठवलं, फक्त नऊ पानांचं. तिचं उत्तर एका ओळीत. 'काका, शांत राहा.' मला! शांत राहायला! मी शांत आहे!! (दुसरं उद्गारचिन्ह चुकून पडलं. एकच वाचावं.)

२३ डिसेंबर.
तारीख लागली. २० जानेवारी. देव आहे.
रोज दुपारी जेवणानंतर भाषणाचा सराव करायचा. साळसूद न्यायमूर्ती होईल. मोबदल्यात मी त्याच्या बायकोला पत्रं लिहून द्यायची.

२९ डिसेंबर.
सराव उत्तम. न्यायमूर्तींनी सगळं डोळे मिटून ऐकलं. झाडाच्या वाक्याला किंचित घोरले, पण ते पोट भरल्यामुळे.

८ जानेवारी, गुरुवार.
मौन. भाषण मनात म्हणून बघितलं. एक तास पन्नास मिनिटं. थोडं कमी करावं लागेल. पण काय कमी करू? सगळंच महत्त्वाचं आहे.

२० जानेवारी, मंगळवार. परत आल्यावर.
जिंकलो.
आधी हे लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना राग येणार आहे.
सकाळी सहाला बंद गाडीतून नेलं. कोर्टात मागच्या बाकावर, दोन शिपायांच्या मधे. दोन न्यायमूर्ती, उंचावर. आमचा पुकारा झाला. वकीलबाई उठली आणि म्हणाली, आरोपाचा कागद नऊला, चौकशी नऊ चाळीसला, कैद्याला बाजू मांडायला वेळच मिळाला नाही, नियमात किमान दोन दिवस आहेत. संपलं. बसली!
सरकारी वकील उठला. त्यानं तो कागद दाखवला. म्हणाला, कैद्यानं कबुली नुसती वाचली नाही, तपासून दिली. त्यातलं शुद्धलेखनसुद्धा सुधारलं. सगळं कोर्ट हसलं. डावीकडच्या न्यायमूर्तींनी कागद जवळ घेतला, चष्मा लावला आणि म्हणाले, दुरुस्ती बरोबर आहे.
मग उजवीकडच्यांनी सरकारी वकिलाला विचारलं, चाळीस मिनिटं हे खरं आहे का? तो म्हणाला, रेकॉर्डवर तसंच दिसतं. झालं. निर्णय रद्द, तीन आठवड्यांत नव्यानं चौकशी करा, कैद्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. पुढचा पुकारा.
चार मिनिटं! मी हात वर करून उठलो. म्हटलं, महाराज, मौनाचा अर्थ. शिपायानं दंड धरून बसवलं.
चाळीस मिनिटांवर जिंकलो. मुद्द्यावर नाही, घड्याळावर. अशानं कुणीही जिंकेल.

२१ जानेवारी.
रात्री नीट झोप लागली. विचार केल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, हायकोर्टानं माझी दुरुस्ती कायम केली आहे. कबूल, दुसरा उकार. हे आता कुणालाही बदलता येणार नाही. दोन, 'कैद्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.' पूर्ण! म्हणजे माझ्या भाषणाला खुद्द कोर्टाची परवानगी. चौकशी ९ फेब्रुवारीला, सोमवारी. तीस दिवस परत, २६ ला घरी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेक घरी. मी दारात उभा असेन.
हिला पत्र टाकलं. लेकीची खाट खिडकीशी लाव, तिला उजेड आवडतो.

२८ जानेवारी.
वकीलबाई आली. म्हणाली, काका, आता सगळं तुमच्या हातात आहे. साहेबांनाही हे प्रकरण मिटवायचं आहे, कोर्टाचे ताशेरे कुणाला हवेत? आत जायचं, तीन वाक्यं म्हणायची. मी गुन्हा कबूल केला नव्हता. मी पाटी सुधारत होतो. हवालदारसाहेबांची टोपी पडली याचं मला वाईट वाटतं. बाहेर यायचं. मला म्हणून दाखवा.
मी म्हणून दाखवलं. तिसऱ्या वाक्यापाशी थोडं थांबलो, कारण 'वाईट वाटतं' या शब्दांचा अर्थ लावायला हवा. ती म्हणाली, काका, अर्थ नको. वाक्य हवं.
ज्या कोर्टानं 'पूर्ण' म्हटलं, तिथे ही तीन वाक्यांत उरकायला सांगते.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
मौन. हवालदार बांधणीत आला. माझ्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, काका, माझ्या मनात काही नाही. टोपी त्याच दिवशी वाळली. तुमची पोरगी जाणार आहे ना लांब? मलाही दोन पोरी आहेत. सोमवारी मी सांगतो, गडबडीत पडली, लाथ लागली की नाही ते आठवत नाही. तुम्ही फक्त गप्प बसा.
मौन असल्यामुळे मी हात जोडले.

८ फेब्रुवारी.
संकल्प. उद्या राग नाही. फक्त सत्य. सत्याला राग लागत नाही. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, चूक दिसली आणि गप्प बसलास तर चूक तुझी. छडीच्या धाकानं शिकलो, पण शिकलो.
साळसूद म्हणाला, काका, उद्याही गुरुवारच आहे असं समजा.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.
चौकशी झाली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. नियमाप्रमाणे कागद तीन दिवस आधी मिळाला होता. कारकून तोच, पण आज टाइप करत होता. सुरुवात फार चांगली झाली.
मी पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. साहेब मान हलवत होते. मग त्यांनी हवालदाराला विचारलं, टोपीचं काय? हवालदार म्हणाला, साहेब, मला नीट आठवत नाही. पाय लागला असेल, नसेल. टाकीपाशी शेवाळ होतं, मीच घसरलो असेन.
साहेब म्हणाले, बरं, म्हणजे लाथ मारल्याचा पुरावा नाही. कारकुनानं टाइप करायला बोटं उचलली.
आता मला कुणी सांगावं की मी काय करायला हवं होतं. शेवाळ! त्या टाकीपाशी एक कणभर शेवाळ नाही. मी रोज तिथे उभा असतो. डोळ्यांदेखत चुकीचा मजकूर छापायला चालला होता. मी म्हटलं, थांबा. दुरुस्ती आहे.
हवालदारानं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मला वाटलं त्याला आठवायला मदत हवी आहे. मी त्याला सगळं क्रमानं सांगितलं. शेवाळ नव्हतं. घसरणं नव्हतं. त्यानं माझा डावा पाय धरला, मी तो झटकला आणि टाच त्याच्या टोपीला लागली. चुकून लागली का, असं साहेबांनी विचारलं. आशेनं विचारलं असं आता वाटतं. मी म्हटलं, मी देवाला भिऊन वागणारा माणूस आहे. चुकून नाही लागली. मला राग आला होता. टोपी पाण्यात पडली तेव्हा मला फार बरं वाटलं.
 फक्त टाइपचा आवाज.
मग पाटीचं सांगितलं. संधी मिळाली तर उरलेली वेलांटी आजही देईन, हे सांगितलं. याच खोलीच्या दारावर 'अधिक्षक' लिहिलं आहे, धि पहिला, तोही सुधारायला हवा, हेही सांगितलं. मग 'मौनाचा अर्थ' सुरू केला. साहेबांनी पूर्ण ऐकलं. झाडाचं वाक्यसुद्धा. ऐकता ऐकता ते खिडकीबाहेर झाडाकडेच बघत होते. वाक्य भिडलं असणार.
बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, काका, तुम्हाला वाचवायला हायकोर्ट पुरत नाही हो. तुम्हाला तुमच्यापासून वाचवणारं कोर्ट पाहिजे.
त्याच्या बोलण्यात किंचित कडवटपणा होता. त्याची साक्ष खोटी ठरली म्हणून असेल.

११ फेब्रुवारी.
तीस दिवस. तेवढेच. कायम.
आता सात पानी निर्णय आहे, कारणांसह. कारणांत सगळी माझीच वाक्यं, अवतरणचिन्हांत, शब्दशः. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तीनदा वाचला. कुठे चिमटा घ्यायला जागा नाही.
वकीलबाईला फोन करायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, लगेच दुसरी याचिका करू. ती म्हणाली, कशावर? कागद वेळेत मिळाला. साक्ष घेतली. तुमचं पूर्ण ऐकलं. कारणं दिली. काका, वाट सरळ आहे. त्या वाटेनं तुम्हीच गेलात चालत.
मी म्हटलं, पण निर्णय चुकीचा आहे.  ती म्हणाली, लाथ मारली होतीत ना?
हा काय प्रश्न आहे? मी फोन ठेवला. जोरात ठेवला. त्याबद्दल एक दिवस फोन बंद.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
मौन. साळसूदनं माझी वळकटी गुंडाळून दिली. तोही काही बोलला नाही. त्याचं काही मौन नसतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
मौन. आज सुटायचा दिवस होता. बांधणीत बावीस रजिस्टरं शिवली.

३ मार्च.
हिचं पत्र. लेक आली. इथे येते म्हणाली. शनिवारी. स्वतःहून म्हणाली. जायच्या आधी एकदा बघून येते, काच तर काच.
मी म्हणतच होतो.

६ मार्च.
उद्या वीस मिनिटं. आधी तिला बोलू द्यायचं. मी फक्त ऐकायचं. संकल्प. लिहून ठेवतो म्हणजे मोडणार नाही. अंगातला सदरा धुऊन वाळत टाकला. दाढी केली.

७ मार्च, शनिवार. मुलाखतीनंतर.
आली होती. एकटीच. उंच दिसली. केस कापले आहेत. मी ओळखायच्या आत तिनंच फोन उचलला.
आप्पा, बरे आहात ना, म्हणाली. मी म्हटलं, बोल, आज मी फक्त ऐकणार. तिनं विचारलं, त्या मशीनमनला तुम्ही कधी पत्र लिहिलंत का? साधं दोन ओळींचं?
मी म्हटलं, ते प्रकरण वेगळं, हे वेगळं. मी आज तुला घरी का भेटत नाही ते तुला आधी कळायला हवं. आणि अगदी थोडक्यात सांगितलं. पाटी, गुरुवार, कबुली, चाळीस मिनिटं, शेवाळ. ती मधे एकदाही बोलली नाही. फोन कानाशी धरून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले तेव्हा मला समाधान वाटलं की निदान घरातल्या एका माणसाला मुद्दा समजला.
मग शिपायानं दोन मिनिटं राहिली असं खुणेनं सांगितलं. तिनं पर्समधून एक कागद काढला. तिकडचा पत्ता. माझ्यासाठी मुद्दाम मोठ्या अक्षरांत, आपल्या लिपीत लिहून आणला होता. लिहून घ्या आप्पा, पत्र पाठवा, म्हणाली आणि तो काचेला लावून धरला. दोन्ही हातांनी.
पहिल्याच ओळीत 'रूग्णालय'. मी काचेवर बोटानं दाखवलं. म्हटलं, अगं, रु पहिला.
तिनं कागद उलटा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग घडी घातली. हो आप्पा, म्हणाली. फोन बंद झाला. तिनं काचेला हात लावला की नुसती खुर्ची सरकवली ते नीट कळलं नाही, मधे शिपाई आला.
आत येऊन लगेच ही वही उघडली. विसरायच्या आत पत्ता उतरवून ठेवावा म्हणून.
रुग्णालय. रु पहिला.
त्याखाली चार ओळी होत्या.